भरून घेतलेली कॅसेट संगणकात उतरवताना

सांगली-साताऱ्याकडच्या कित्येक घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत अजून दहा-वीस कॅसेट पडून आहेत. त्यांतल्या दुकानातून विकत आणलेल्या कॅसेटची काळजी करण्याचे फारसे कारण नाही, कारण ती गाणी दुसरीकडे मिळू शकतात. काळजी करायची ती घरी भरलेल्या कॅसेटची. आजीने जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या, सप्ताहातले काल्याचे कीर्तन, आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत ढोलावर चाललेली धनगरी ओवी, आणि गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परमुलखात गेलेल्या चुलत्याला पाठवायचा म्हणून साऱ्या घराने मिळून बोललेला निरोप, या सगळ्यांची जगात एकच प्रत असते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी अशा ३४ कॅसेट निघाल्या. त्या उतरवताना जे हाताला लागले आणि सुरुवातीला जे चुकले, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

हे काम आता पुढे ढकलू नये. नीट ठेवलेली फीत चाळीस वर्षांनंतरही वाजते, हे आमच्या घरच्याच कॅसेटवरून दिसले. पण ती वाजवणारी यंत्रे वेगाने कमी होत आहेत. टेपरेकॉर्डरचे रबरी पट्टे सैल पडतात, फितीवरचा आवाज वाचणारे हेड झिजते, आणि तो उघडून दुरुस्त करणारे कारागीर तालुक्याच्या गावी शोधावे लागतात. फितीच्या आधी टेपरेकॉर्डर संपतील, असे मला वाटते.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. कॅसेटवर जसा माणसाचा आवाज असतो, तसा तो भरणाऱ्या यंत्राचा हातही असतो. मिरज ज्यांची कर्मभूमी झाली आणि मिरजेच्याच दर्ग्यात ज्यांची कबर आहे, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे (१८७२–१९३७) गाणे आज आपण ऐकतो ते मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवरचे. तिच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे बसे, म्हणून मैफलीत तासभर चालणारा ख्याल तेवढ्यात आवरावा लागे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि ती मर्यादा एका बाजूला ३० किंवा ४५ मिनिटांवर गेली. तरीही रात्रभर चालणारी धनगरी ओवी त्यात कशी मावणार? आमच्या एका कॅसेटवर ओवी ऐन रंगात असताना खटका वाजतो, आणि दुसरी बाजू सुरू होते तेव्हा कथा कुठल्या कुठे पुढे गेलेली असते. शिवाय घरगुती टेपरेकॉर्डर आवाजाची पातळी आपोआप सांभाळत असे. मोठा आवाज आला की तो दाबायचा, शांतता पडली की ती वर उचलायची, अशी त्याची रीत. त्यामुळे आजीच्या दोन ओव्यांमध्ये जात्याची घरघर एकदम मोठी झालेली ऐकू येते. प्रत्यक्षात जाते तसे फिरत नव्हते. ती यंत्राची करणी आहे. कॅसेट उतरवताना हे सारे जसेच्या तसे उतरले पाहिजे, म्हणजे पुढे ऐकणाऱ्याला माणूस कोणता आणि यंत्र कोणते हे ओळखता येईल.

फितीची तपासणी

पहिल्या दिवशी एकही कॅसेट वाजवू नये. प्रत्येक कॅसेट उजेडात धरून तिच्या खिडकीतून फितीची कड पाहावी. कड गुळगुळीत आणि एकसारखी तपकिरी दिसली तर ठीक. पांढरट भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. महाबळेश्वर, पाटण, कोयनेच्या बाजूला पावसाळ्यात हवा इतकी ओलसर असते की बंद कपाटातल्या कॅसेटलाही बुरशी धरते. अशी कॅसेट चांगल्या यंत्रात घालू नये, नाहीतर तीच बुरशी हेडमार्गे पुढच्या कॅसेटला लागते. सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ती आठवडाभर ठेवावी, आणि नंतर नाकातोंडावर मास्क बांधून, फीत पेन्सिलीने हळूहळू फिरवत मऊ कोरड्या कापडाने पुसावी.

सांगलीकरांना पुराचे वेगळे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचे पाणी घरांत शिरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. पुरात भिजलेल्या कॅसेट पुष्कळांनी चिखलासकट टाकून दिल्या. ते दुर्दैवी होते, कारण पाण्याने फितीवरचा आवाज पुसला जात नाही. फितीचे खरे नुकसान होते ते तिच्यावर वाळलेल्या गाळाने आणि घाईघाईने दिलेल्या उष्णतेने. पुन्हा कधी अशी वेळ आली तर गाळ वाळू देऊ नये. कॅसेट थंड स्वच्छ पाण्यात धुवावी, आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढावी. हे पाणी गाडीच्या बॅटरीत घालण्यासाठी दुकानात मिळते. फक्त बाटलीवर ‘डिस्टिल्ड’ असे वाचूनच घ्यावे, शेजारच्या बाटलीत ॲसिड असू शकते. नंतर कॅसेट सावलीत, पंख्याखाली, उभी करून वाळवावी. ऊन, केस वाळवण्याचे यंत्र किंवा इस्त्रीची ऊब यांतले काहीही देऊ नये. पूर्ण वाळायला कित्येक दिवस लागतात. जुने कवच खराब झाले असेल तर स्क्रूने जोडलेली दुसरी बिनकामाची कॅसेट उघडून तिच्या कवचात आपली दोन्ही रिळे बसवता येतात. हेडसमोरची फेल्टची छोटी गादी जागेवर आहे ना, एवढे पाहून घ्यावे. ती निखळलेली असेल तर आवाज दबका आणि लहान-मोठा येतो.

तपासणी झाल्यावर कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडून टाकावेत. ते मोडले की त्या कॅसेटवर चुकूनही नवे काही भरले जात नाही.

यंत्र आणि वायर

बाजारात संगणकाला थेट जोडता येणारे वॉकमनच्या आकाराचे स्वस्त प्लेअर मिळतात. त्यांची फीत ओढण्याची गती स्थिर नसते आणि आवाज लहरत जातो, म्हणून ते घेऊ नयेत. ओळखीपाळखीत कोणाकडे चांगला कॅसेट डेक असेल तर तो महिनाभर मागून आणावा आणि आधी कारागिराकडून त्याचे पट्टे बदलून घ्यावेत. हेड आणि त्याशेजारचा धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावा. हात धुण्याच्या सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते, ते येथे चालत नाही. रबरी रोलरला मात्र अल्कोहोल न लावता साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून कोरडा करावा, कारण अल्कोहोलने रबर कडक होते. दर दोन-तीन कॅसेटनंतर ही साफसफाई पुन्हा करावी.

डेकच्या मागच्या ‘लाइन आउट’मधून वायर काढून ती संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये द्यायची असते. हल्लीच्या लॅपटॉपला बहुधा एकच गोल छिद्र असते आणि ते हेडफोन व माइक यांसाठी असते. त्यात डेक जोडला तर आवाज फाटतो. त्यासाठी लाइन इनची सोय असलेले यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. जोडणी झाल्यावर ‘हूं’ असा सतत आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. टेपरेकॉर्डरच्या स्पीकरसमोर मोबाइल धरून मात्र कधीही उतरवू नये. त्यात खोलीचा घुमारा येतो, रस्त्यावरचा हॉर्न येतो, आणि मोबाइल स्वतःच्या अकलेने आवाजात फेरफार करतो, तो वेगळाच.

संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ध्वनिसंग्रह जपणाऱ्या संस्थांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ (आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने) आणि २४ बिट (प्रत्येक नमुन्याचे माप) अशी आहे, तीच ठेवावी. या मापाने दोन चॅनेलचे एक तासाचे ध्वनिमुद्रण साधारण १ जीबी होते, म्हणजे आमच्या ३४ कॅसेटना ४० जीबीच्या आसपास जागा लागली. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी लावावी. कीर्तनात टाळ एकदम वाजतात, भजनात शेवटी गजर होतो; म्हणून पातळी लावण्यापूर्वी कॅसेटचा शेवटचा भाग थोडा ऐकून घ्यावा. डेकवर डॉल्बीचे, म्हणजे फितीची खरखर कमी करण्याचे, बटण असेल तर घरी भरलेल्या कॅसेटसाठी ते बंदच ठेवावे.

आवाज बोदा येत असेल तर दर वेळी फीत खराब आहे असे समजू नये. भरणाऱ्या यंत्राचे हेड किंचित तिरपे असेल, तर आपल्या सरळ हेडवर तिचा वरचा आवाज हरवतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला लहान स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो बारीक पेचकसाने केसभर फिरवला तर एका जागी टाळांची खणखण आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे एकदम उघडतात. तेथे थांबावे. एकाच यंत्रावर भरलेल्या कॅसेट एकामागून एक घेतल्या तर हा स्क्रू पुन्हा पुन्हा हलवावा लागत नाही.

उतरवणे सुरू करण्यापूर्वी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेली वेटोळी सुटतात. नंतर सुरुवातीच्या खरखरीपासून शेवटच्या खटक्यापर्यंत सगळे उतरवावे. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागतातच. रोज रात्री जेवणानंतर एक कॅसेट, असा नेम आम्ही ठेवला होता. तो वेळ वाया जात नाही. उलट घरातली वडीलधारी माणसे शेजारी बसवून घेण्याची तीच वेळ आहे, त्याविषयी पुढे सांगतो.

गती आणि सूर

घरी भरलेल्या कॅसेटची सर्वांत मोठी अडचण गतीची असते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. लोडशेडिंगच्या दिवसांत टेपरेकॉर्डर सेलवर चालत. सेल उतरत आले की फीत हळू फिरे, आणि हळू फिरलेल्या फितीवर भरलेला आवाज आज योग्य गतीने वाजवला की बारीक आणि घाईचा ऐकू येतो. आमच्या एका भजनात शेवटच्या दहा मिनिटांत बुवांचा आवाज पोरसवदा वाटू लागतो, त्याचे कारण एवढेच.

भजन असेल तर पेटी मदतीला येते. गळा चढतो-उतरतो, पण पेटीचा सूर पत्तीने बांधलेला असतो. बुवा काळी दोन या पट्टीत गात असत हे गावात कोणाला तरी आठवत असते. तीच पेटी देवळात अजून असेल तर आणखी उत्तम: मोबाइलवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपने तिची पट्टी मोजावी आणि कॅसेटवरच्या पेटीशी ताडून पाहावी. मधल्या काळात पेटी जुळवून घेतली होती का, एवढे आधी विचारावे. फरक नेमका एका स्वराचा, म्हणजे पांढरीवरून लगतच्या काळीवर जाण्याइतका, असेल तर गतीत सुमारे ६ टक्क्यांची चूक आहे.

पेटी नसेल आणि टेपरेकॉर्डर विजेवर चाललेला असेल, तर विजेचीच खूण शोधता येते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि तिची मंद घूं फितीवर उमटलेली असते. ऑडॅसिटीत दोन-तीन सेकंदांची शांत जागा निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ हा आवाजातली आवर्तने दाखवणारा आलेख उघडावा, साइज ६५५३६ ठेवावी, आणि ५० किंवा तिच्या दुप्पट १०० च्या जवळ टोक कोठे आहे ते पाहावे. टोक ५३ वर असेल तर फीत ६ टक्के जलद वाजते आहे, म्हणून गती ०.९४३ पट करावी. येथे दोन सावधगिऱ्या आहेत. फीत थांबवल्यावरही ती घूं येत असेल तर ती तुमच्या आजच्या डेकची आहे, जुनी नव्हे. आणि त्या काळी ग्रिडची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याची, आवर्तनेही ५० वर स्थिर नसत, म्हणून एखाद-दुसऱ्या टक्क्याच्या फरकासाठी हा पुरावा धरू नये. तेथे कानाचेच ऐकावे.

हा बदल नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावा. जशी उतरली तशी पहिली प्रत कधीही हलवू नये.

खरखर काढण्याचा मोह

माझी सुरुवातीची मोठी चूक येथे झाली. पहिल्याच कॅसेटवर मी खरखर काढण्याचे साधन जोरात चालवले, आवाज स्वच्छ झाला म्हणून आनंदलो, आणि मूळ फाइल पुसून टाकली. काही दिवसांनी लक्षात आले की गायकाच्या मागचा तानपुरा नाहीसा झाला आहे. हे साधन जो आवाज सतत एकसारखा चालू असतो त्यालाच खरखर समजते, आणि तानपुरा तर सतत एकसारखाच वाजतो. ज्या मिरजेत तानपुरे घडतात तिच्या शेजारच्या माणसाने हे विसरावे, याचे मला फार वाईट वाटले. ती कॅसेट पुन्हा उतरवावी लागली. फीत शाबूत होती म्हणून ते जमले.

मोबाइलवर आज नवे काही भरताना हीच गोष्ट आपोआप घडते. कित्येक फोन बोलणाऱ्याचा आवाज पुढे आणण्यासाठी मागचे सगळे दाबतात. जात्याची घरघर, पाखरांचा आवाज आणि तानपुरा त्यात जातात. ध्वनिमुद्रणाच्या ॲपमध्ये तशी सोय असेल तर ती बंद करावी आणि फाइल वेव्ह या न दाबलेल्या स्वरूपात ठेवावी. कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाज सुधारून देणारी साधने तर त्याही पुढे जातात: जेथे शब्द ऐकू येत नाही तेथे ती स्वतः अंदाजाने आवाज भरतात. आजीने न म्हटलेले अक्षर तिच्या तोंडी घालण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोण, कुठे, केव्हा

नुसता आवाज उतरला तर अर्धेच काम झाले. पन्नास वर्षांनी ‘ट्रॅक ७’ ऐकणाऱ्या माणसाला तो आवाज कोणाचा हे कसे कळणार? फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग, गाव आणि बाजू लिहावी: ‘१९८९-०४_सप्ताह-कीर्तन_गावाचे-नाव_बाजू-१’ असे. वर्ष अंदाजाचे असेल तर ‘सुमारे’ हा शब्द घालावा. कॅसेटच्या आतल्या कागदावर हाताने जे लिहिले आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. आमच्या आजोबांचे अक्षर आता तेवढ्याच कागदांवर उरले आहे.

कॅसेट वाजत असताना जुनी माणसे शेजारी बसवावीत आणि ती जे बोलतील ते मोबाइलवर वेगळे भरून घ्यावे. हा टाळकरी कोण, हा खोकला कोणाचा, ही ओवी माहेरची की सासरची, हे सांगणारी माणसे आता थोडी आहेत. एका ओवीत आलेल्या गावाचे नाव आम्हांला कोणालाच लागत नव्हते. ऐंशी वर्षांच्या आत्याने ते पहिल्या फेरीत ओळखले, कारण तिचे बालपण त्या शिवारात गेले होते. वहीत प्रत्येक ओवीची किंवा अभंगाची पहिली ओळ आणि ती किती मिनिटांवर येते, एवढे लिहिले तरी पुष्कळ आहे. कोणत्या यंत्रावर भरले, कोणत्या डेकवर उतरवले आणि गतीत काय बदल केला, हेही तेथेच नोंदवावे.

वाटण्यापूर्वी

चुलत्याला पाठवलेला निरोप उतरला तेव्हा त्यांची नातवंडे कोइमतूरला होती आणि त्यांना तो त्याच रात्री ऐकायचा होता. अशा वेळी मूळ फाइल न पाठवता १२८ केबीपीएसची एमपीथ्री प्रत करावी. तासाभराची फाइल ६० एमबीच्या आत येते. व्हॉट्सॲपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे मध्ये पुन्हा दाबली जात नाही. ऐकणाऱ्यांना हेडफोन लावायला सांगावे, कारण मोबाइलच्या बारीक स्पीकरमधून ढोलाचा खालचा घुमारा निघतच नाही आणि धनगरी ओवी नुसती टिकटिक वाटते.

सगळेच सगळ्यांना पाठवण्यासारखे नसते. जात्यावरच्या ओव्यांत बाई आपल्या सासूबद्दल, दिराबद्दल, नवऱ्याबद्दल जे बोलते ते तिने जात्याला सांगितलेले असते. अशी कॅसेट घराबाहेर देण्यापूर्वी तिच्या मुलामुलींना पूर्ण ऐकवावी आणि त्यांची संमती घ्यावी. कीर्तनकार, शाहीर किंवा भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण असेल तर त्यांना किंवा त्यांच्या वारसांना विचारावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क ५० वर्षे राहतो, आणि प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा मालकाचा हक्क ६० वर्षे. रेडिओ लावून सांगली आकाशवाणीवरून भरून घेतलेले कार्यक्रम घरीच ऐकावेत.

ठेवायचे कोठे

मूळ फाइलच्या किमान तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी. नदीकाठच्या घरात तिन्ही प्रती ठेवून उपयोग नाही. आमची तिसरी प्रत विट्याला आहे, पुराच्या रेषेपासून खूप वर. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नये, आणि हार्ड डिस्कही वर्षातून एकदा जोडून दोन-चार फाइली वाजवून पाहाव्यात. आम्ही त्यासाठी दिवाळीचा पाडवा ठरवला आहे.

मूळ कॅसेट फेकून देऊ नयेत. शेवटची वाजवणी साध्या गतीने टोकापर्यंत होऊ द्यावी, पुन्हा गुंडाळू नये, आणि तशीच डबीत घालून पुस्तकासारखी उभी ठेवावी. स्पीकरच्या चुंबकाजवळ किंवा पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नये. डबीवर फाइलचे नाव आणि उतरवल्याची तारीख पेन्सिलीने लिहावी.